१ लाख ६८ हजार किलोमीटर पळालेल्या पेट्रोल गाडीला कोणते इंजिन ऑइल घालावे?

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१२ सालची, चार सिलिंडरची १२०० सीसी पेट्रोल गाडी आहे. तिचे रिडिंग आता १ लाख ६८ हजारांच्या पुढे गेले आहे. गाडीचा रोजचा वापर खानापूर ते बेळगाव असा आहे आणि अधूनमधून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाने गोव्यात जाणे होते. गाडीच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० हे पहिल्या पसंतीचे ऑइल म्हणून दिले असून शेजारच्या तापमानाच्या तक्त्यात १०डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० यांनाही मुभा दाखवली आहे. आजवर मी ५डब्ल्यू-३० हेच वापरत आलो आणि त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

गेल्या पावसाळ्यापासून मात्र ऑइल कमी होऊ लागले आहे. ऑइलची पातळी दाखवणाऱ्या पट्टीवरच्या खुणेवरून अंदाज केला तर दर हजार किलोमीटरला ३०० ते ४०० मिलीलिटर जात असावे. सकाळी गाडी सुरू करताना क्षणभर निळसर धूर येतो आणि नाहीसा होतो. घाट उतरून केरीला पोहोचल्यावर सपाटीला ॲक्सिलरेटर दाबला की पुन्हा तसाच धूर दिसतो, असे मागून येणाऱ्या मित्राने सांगितले. घाट चढताना मात्र, गाडीवर पूर्ण भार असूनही, धूर दिसत नाही. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) कडेला ओलसरपणा आहे, पण खाली फरशीवर थेंब पडलेले नाहीत.

सल्ले तीन मिळाले आहेत. बेळगावातील एक मेस्त्री म्हणतात की इंजिन झिजले असल्यामुळे आता २०डब्ल्यू-५० घालावे. स्पेअर पार्टच्या दुकानदाराने जास्त पळालेल्या गाड्यांसाठीचे म्हणून विकले जाणारे ‘हाय मायलेज’ ऑइल दाखवले, ज्याची किंमत नेहमीच्या डब्यापेक्षा बरीच अधिक आहे. माझे मावसभाऊ ट्रकसाठीचे १५डब्ल्यू-४० बिनदिक्कत घाला म्हणतात. या तिघांपैकी कोणाचे ऐकावे, की आहे तेच ५डब्ल्यू-३० चालू ठेवावे, हे जाणकारांनी कारणांसह सांगावे अशी विनंती आहे.

उद्यमबागचा टर्नर (बेळगाव)

आपण लिहिलेल्या मजकुरात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. ऑइल कोणते घालावे हा एक, आणि घातलेले ऑइल जाते कुठे हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर येथील मेस्त्री मंडळी माझ्यापेक्षा चांगले देतील, म्हणून मी पहिल्याबद्दलच लिहितो.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा ऑइल थंडीत कसे वागते ते सांगतो आणि नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनात ते किती दाट राहते ते सांगतो. ५डब्ल्यूची थंडीतील चाचणी उणे ३० अंशांवर, १५डब्ल्यूची उणे २० अंशांवर आणि २०डब्ल्यूची उणे १५ अंशांवर घेतली जाते. आपल्या बेळगाव-खानापूर भागात ऐन हिवाळ्यातही पारा १० अंशांच्या आसपासच थांबतो, त्यामुळे हा पहिला आकडा आपल्याला लागूच नाही असे पुष्कळ जण मानतात. मला ते पटत नाही. ४० अंश तापमानाला ५डब्ल्यू-३० ऑइलचा दाटपणा साधारणपणे ६० ते ७० सेंटिस्टोक (दाटपणा मोजण्याचे एकक) असतो, तर २०डब्ल्यू-५० चा दीडशेच्या वर जातो, आणि पहाटेच्या १५ अंशांत ही तफावत आणखी रुंदावते. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत बहुतेक ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते तेथे, उतरलेले असते. तेथून ते पंपाने उचलून हेडमधील कॅमशाफ्टपर्यंत पोहोचेपर्यंत वरच्या भागांवर केवळ आदल्या दिवशीचा पातळ थर असतो. जितके ऑइल जाड, तितका हा काळ लांबतो.

आता दुसऱ्या आकड्याकडे वळू. १०० अंशांवर ३० क्रमांकाच्या ऑइलचा दाटपणा ९.३ ते १२.५, ४० क्रमांकाचा १२.५ ते १६.३ आणि ५० क्रमांकाचा १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक या मर्यादेत असावा लागतो. म्हणजे ३० वरून ४० वर जाणे ही एक पायरी आहे, आणि ५० वर जाणे म्हणजे कित्येकदा मूळ ऑइलच्या जवळपास पावणेदोन पट दाट ऑइल वापरणे आहे. झिजलेल्या बेअरिंगमध्ये फट वाढलेली असते आणि जाड ऑइल ती भरून काढते हा मेस्त्रींचा तर्क मुळात चुकीचा नाही. दाब दाखवणारा काटाही वर चढतो. परंतु दाब वाढला म्हणजे प्रवाह वाढला असे होत नाही. पंपातील दाबनियंत्रक व्हॉल्व्ह ठरलेल्या दाबानंतर उघडतो आणि जादा ऑइल बेअरिंगकडे न जाता परत मागे फिरते. शिवाय आपल्या काळच्या अनेक इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा आणि टायमिंग चेनचा ताणक हे दोन्ही ऑइलच्या दाबावर चालतात व त्यांच्या वाटा अरुंद असतात. या वाटा उत्पादकाने ३० किंवा ४० क्रमांकाचे ऑइल गृहीत धरून पाडलेल्या आहेत. २०डब्ल्यू-५० आपल्या पुस्तिकेतील तक्त्यात नाही, एवढे कारण मला तरी ते बाजूला ठेवायला पुरेसे वाटते.

१०डब्ल्यू-४० मात्र तक्त्यात आहे. १५० अंशांच्या तापमानाला, बेअरिंगमधल्यासारख्या जोरदार घर्षणाखाली ऑइलचा थर किती टिकतो याचीही एक मोजणी असते. तिच्यात ३० क्रमांकासाठी किमान मर्यादा २.९ आणि १०डब्ल्यू-४० साठी ३.५ आहे. घाटात तापलेल्या जुन्या इंजिनाला हा फरक उपयोगी पडू शकतो.

डब्यावरील एपीआयची, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या दर्जाची, अक्षरे पाहायला विसरू नये. पेट्रोल गाड्यांसाठी एसएन हा दर्जा २०१० मध्ये आणि एसपी हा २०२० मध्ये आला. नवा दर्जा जुन्या पेट्रोल गाड्यांना चालतो, त्यामुळे गाडी २०१२ ची असली तरी एसपी घेण्यात अडचण नाही. उलट एसपीमध्ये टायमिंग चेनच्या झिजेची स्वतंत्र चाचणी घेतली जाते, आणि चेन असलेल्या, दीड लाखाच्या पुढे गेलेल्या गाडीला त्याचा फायदाच आहे.

निपाणी स्टँड (निपाणी)

उद्यमबागच्या काकांनी सविस्तर लिहिले आहे, पण १५डब्ल्यू-४० ला त्यांनी उल्लेखापलीकडे जागा दिली नाही. माझ्या भाड्याच्या डिझेल गाड्या कोल्हापूर-बेळगाव महामार्गावर सतत धावतात. त्यांत मी सीआय-४ प्लस या एपीआयच्या डिझेल दर्जाचे १५डब्ल्यू-४० वापरतो. एका गाडीने तीन लाखांचा टप्पा ओलांडला आहे आणि तिचे हेड आजवर उघडलेले नाही. ट्रकच्या ऑइलमध्ये काजळी धरून ठेवणारी आणि झीज रोखणारी द्रव्ये भरपूर असतात. अशा कित्येक डब्यांवर सीआय-४ च्या जोडीला एसएल हा पेट्रोलचा जुना दर्जाही छापलेला असतो, म्हणजे ते पेट्रोल इंजिनासाठीही तपासलेले असते. मग किंमत कमी आणि माल दणकट असताना ते का टाळावे, हे मला समजत नाही. आपल्या मावसभावांचा सल्ला मला योग्य वाटतो.

एक सूचना मात्र करतो. पिंपातून मापाने मिळणारे सुटे ऑइल कोणत्याही गाडीत घालू नका. डब्याचे झाकण आणि त्याखालचे सील शाबूत आहे का ते पाहा, त्यावरचा कोड स्कॅन करा आणि वापर झाल्यावर रिकामा डबा भोक पाडूनच टाका. नाहीतर तोच डबा भरून पुन्हा बाजारात येतो.

उद्यमबागचा टर्नर (बेळगाव)

सुट्या ऑइलबद्दल आपण लिहिलेत ते महत्त्वाचे आहे. १५डब्ल्यू-४० बाबत माझी हरकत दाटपणावर नसून त्यातील राखेवर आणि फॉस्फरसवर आहे. पेट्रोल गाडीच्या धुराड्यात विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, आणि ऑइलमधील फॉस्फरस जळून त्याच्या पृष्ठभागावर बसला की त्याची क्षमता हळूहळू मरते. एरवी ही गोष्ट फारशी जाणवत नाही, कारण धडधाकट इंजिनात ऑइल जळतच नाही. येथे तर प्रश्नच ऑइल जळण्याचा आहे. हजार किलोमीटरला पाव लिटरच्या वर ऑइल जाळणाऱ्या गाडीत ट्रकचे ऑइल घालणे म्हणजे डब्यावर वाचवलेले शे-दोनशे रुपये पुढे कन्व्हर्टरवर घालवणे ठरेल. २०१२ ची गाडी १५ वर्षांची होईल तेव्हा नोंदणीच्या नूतनीकरणासाठी धुराच्या तपासणीतून जायचे आहे, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्या डिझेल गाड्या जुन्या असल्यास त्यांना हे ऑइल शोभतेच. एखादी बीएस-६ या प्रदूषण मानकाची घेतली असेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, तर तिच्या धुराड्यात काजळीची गाळणी असते आणि तिला कमी राखेचे ऑइलच लागते. जास्त राखेचे ऑइल घातल्यास ती गाळणी भरत जाते, आणि काजळीसारखी ही राख जाळून साफ करता येत नाही.

शहापूरचा मेस्त्री (बेळगाव)

गॅरेजमधील कामामुळे उत्तर द्यायला उशीर झाला. आपण धुराचे जे वर्णन केले आहे, त्यातच निम्मे निदान आहे, आणि ऑइल बदलण्याआधी त्याकडे पाहायला हवे.

ऑइल जळण्याच्या वाटा मुख्यतः तीन असतात. रिंगा झिजल्या किंवा कार्बनने चिकटल्या असतील तर भार पडल्यावर, म्हणजे घाट चढताना, धूर वाढतो. आपल्याकडे नेमका तेव्हा तो दिसत नाही. व्हॉल्व्हची सीले कडक झाली असतील तर रात्रभर थोडे थोडे ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खाली झिरपते आणि सकाळी एकदम जळते. चोर्ल्याच्या उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इनटेकमध्ये जोरदार पोकळी तयार होते. ही पोकळी कडक झालेल्या सीलांमधून ऑइल ओढून घेते आणि केरीला आपण पुन्हा ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा ते धुराच्या रूपाने बाहेर पडते. आपली दोन्ही लक्षणे या दुसऱ्या वाटेकडे बोट दाखवतात.

तिसरी वाट सर्वांत स्वस्त आहे आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. ती म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह. चेंबरमधील वाफ व वायू इनटेककडे नेणारा हा छोटा व्हॉल्व्ह चिकटून उघडा राहिला तर वायूबरोबर ऑइलही ओढले जाते, आणि बंद राहिला तर आतील दाब वाढून टॅपेट कव्हरचे पॅकिंग, क्रँकची सीले अशा ठिकाणांहून ऑइल पाझरू लागते. आपल्या कव्हरच्या कडेचा ओलसरपणा पॅकिंग जुने झाल्यामुळेही असेल, परंतु पॅकिंग बदलण्याआधी हा व्हॉल्व्ह काढून हलवून पाहा. आत टकटक असा आवाज आला नाही तर तो बदला. धुऊन परत बसवण्यापेक्षा नवा घेतलेला बरा.

रिंगांबद्दलची शंका फेडायची असेल तर कॉम्प्रेशन तपासून घ्या. चारही सिलिंडरचे आकडे घेतल्यावर, ज्याचा आकडा कमी असेल त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वर गेला तर दोष रिंगांचा, आहे तेथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गास्केटचा. आकडे चारही चांगले निघाले तर बोअर-पिस्टनच्या खर्चाचा विचार मनातून काढून टाका.

व्हॉल्व्ह सील बदलण्यासाठी हेड उतरवावेच लागते असेही नाही. प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरून ठेवता येतात आणि स्प्रिंग काढून सील बदलता येते. काम नाजूक आहे आणि ते करणारा हात सवयीचा हवा.

आपल्याला २०डब्ल्यू-५० सुचवणारे मेस्त्री माझे व्यवसायबंधू आहेत, म्हणून त्यांच्या बाजूने एक सांगतो. गिऱ्हाईक खर्च करायला तयार नसते आणि धूर तर आज बंद हवा असतो, तेव्हा जाड ऑइल हा एकमेव उपाय हातात राहतो. विकायला काढलेल्या गाडीत तर तो सर्रास दिसतो. गाडी ठेवायची असेल तर तो मार्ग नको.

‘हाय मायलेज’ ऑइलबद्दलही विचारले आहे. त्यात रबराची सीले किंचित फुगवून मऊ करणारी द्रव्ये जास्त प्रमाणात असतात आणि बहुधा मळ काढणारी द्रव्येही वाढवलेली असतात. ज्या सीलांत उष्णतेने कडकपणा आला आहे पण चिरा पडलेल्या नाहीत, त्यांना याचा उपयोग होतो, आणि तोही काही हजार किलोमीटर चालल्यावर. फाटलेले सील कोणत्याही डब्याने सांधले जात नाही. अमेरिकेत ही ऑइले ७५ हजार मैल, म्हणजे साधारण १ लाख २० हजार किलोमीटर पळालेल्या गाड्यांसाठी म्हणून विकली जातात. त्यांना घातक म्हणता येणार नाही, परंतु दुप्पट किंमत देऊन घेण्याइतके त्यांत काही आहे असे मला अनुभवाने वाटत नाही. ऑइल जळतच नसेल, पाझरतही नसेल, तर केवळ आकडा दीड लाखाच्या पुढे गेला म्हणून ते घेण्याचे कारण नाही.

मलप्रभाकाठ (खानापूर)

सर्वांचे आभार. शहापूरच्या मेस्त्रीकाकांनी सांगितल्याप्रमाणे तपासणी करून घेतली. पीसीव्ही व्हॉल्व्ह हलवल्यावर आवाज येत नव्हता आणि आत काळा चिकट थर होता, तो नवा बसवला आहे. कॉम्प्रेशनचे आकडे चारही सिलिंडरमध्ये एकमेकांच्या जवळ आणि पुस्तिकेतील किमान मर्यादेच्या वर निघाले. टॅपेट कव्हरचे पॅकिंगही बदलले. सीलांचे काम पुढच्या महिन्यात करण्याचा विचार आहे. तोवर ५डब्ल्यू-३० ठेवावे की १०डब्ल्यू-४० वर जावे? दुसरे असे की, गॅरेजमध्ये आत मळ साचला असेल म्हणून आधी इंजिन फ्लश करून मग नवे ऑइल भरावे असे सुचवले जात आहे. ते करून घ्यावे का? आणि सिंथेटिक घातल्याने जुन्या गाडीत गळती सुरू होते म्हणतात, त्यात तथ्य किती?

उद्यमबागचा टर्नर (बेळगाव)

कॉम्प्रेशन चांगले निघाले ही आनंदाची बातमी आहे. सीलांचे काम होईपर्यंत एसपी दर्जाचे १०डब्ल्यू-४० घाला. ते तक्त्यात बसते आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खाली उतरायला ५डब्ल्यू-३० पेक्षा थोडा अधिक वेळ घेते. काम झाल्यानंतर हजार-दोन हजार किलोमीटर पट्टी पाहत राहा. ऑइल उतरणे थांबले तर पुढच्या वेळी पुन्हा ५डब्ल्यू-३० वर येण्यास हरकत नाही, कारण त्यात पेट्रोलही किंचित कमी लागते. पट्टी पाहताना गाडी सपाट जागी असावी आणि गरम इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे गेलेली असावीत, नाहीतर आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

सिंथेटिकची भीती मुख्यतः सुरुवातीच्या काळातील ऑइलांवरून आली आहे. त्या वेळच्या काही ऑइलांनी सीले आकसत असत. आजच्या ऑइलमध्ये ते टाळण्यासाठी लागणारी द्रव्ये घातलेली असतात. गळती दिसलीच तर ती बहुधा आधीपासूनची असते, साचलेल्या मळाने झाकलेली.

ऑइल बदलण्याचे अंतर मी पुस्तिकेपेक्षा थोडे कमी धरीन. त्याचे एक कारण आता पंपावर मिळणारे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आहे. आपल्या जिल्ह्यातील उसाचाही त्यात वाटा आहे, हे जाता जाता. इथेनॉल जळताना पाण्याची वाफ अधिक होते, आणि इंजिन पुरते गरम होण्याआधीच गाडी बंद होत असेल तर त्यातला काही अंश ऑइलमध्ये मुरतो. खानापूर-बेळगावच्या वाटेवर इंजिन चांगले तापते, त्यामुळे आपल्याला चिंता कमी आहे. परंतु गाडी महिनोन्‌महिने केवळ गावातल्या गावात फिरणार असेल तर किलोमीटर न पाहता सहा महिन्यांनी ऑइल बदलावे.

शहापूरचा मेस्त्री (बेळगाव)

फ्लश करू नका. जुन्या इंजिनात चिकटून बसलेला मळ एकदम सुटला तर तो चेंबरमधील पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो आणि ऑइल उचलले जाणेच बंद होते. त्यापेक्षा चांगले ऑइल भरा, पहिल्या खेपेला चार हजार किलोमीटरवरच काढा आणि दोन्ही वेळा फिल्टर नवा घाला. मळ हळूहळू विरघळून ऑइलबरोबर बाहेर येईल. काढलेले ऑइल काळे दिसले म्हणून घाबरू नका, मळ धरून ठेवल्यामुळेच ते काळे होते. ते कॉफीत दूध घातल्यासारखे फिकट दिसले तर मात्र गाडी पुन्हा सुरू न करता आधी फोन करा, कारण त्यात पाणी शिरलेले असते. सीलांच्या कामाला येताना पुस्तिका सोबत आणा आणि इंजिन क्रमांक आधी कळवा, म्हणजे सीले मागवून ठेवता येतील.